सीयूईटी-पीजी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असं नाही

यवतमाळ-वाशिमकडच्या ग्रुपांवर मेसेज फिरतो आहे: "सीयूईटी-पीजी दिली असेल तर दिल्ली विद्यापीठाचा वेगळा फॉर्म भरायची गरज नाही, नाव थेट यादीत येईल." हे चुकीचं आहे.

सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशासाठीची सामाईक परीक्षा. एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) ती घेते, गुण जाहीर करते, तिचं काम तिथंच संपतं. दिल्ली विद्यापीठासाठी पुढे सीएसएएस-पीजी या त्या विद्यापीठाच्या प्रवेश पोर्टलवर वेगळी नोंदणी करून, शुल्क भरून विषय-कॉलेजांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. तो दिला नाही तर चांगले गुण असूनही जागा मिळत नाही. जेएनयू (जवाहरलाल नेहरू विद्यापीठ), बीएचयू (बनारस हिंदू विद्यापीठ) यांचेही आपापले फॉर्म असतात. एनटीएच्या माहितीपुस्तिकेत आणि विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर हे स्पष्ट दिलेलं आहे.

आपली पोरं आणखी एका ठिकाणी अडकतात. ओबीसींसाठी राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रिमिलेअर दाखला दिल्लीत चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला, चालू आर्थिक वर्षाचा लागतो. सेतू केंद्रात अर्ज करतानाच "केंद्र सरकारसाठी" असं सांगा. दाखला हाती यायला वेळ लागतो, नोंदणीची मुदत त्यासाठी थांबत नाही.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. जिथे पाठवला असेल, तिथे हा खुलासा आजच टाका.