कागदानं कापलेलं बोट

सुरीनं बोट कापलं तर घरात धावपळ होते. कोणी कापूस शोधतं, कोणी पट्टी. कागदानं कापलं की मंडळी बोट उजेडात धरतात, चष्मा वरखाली करतात आणि ‘हे होय!’ म्हणून आपापल्या कामाला लागतात. तो ‘हे होय’ जखमेपेक्षा जास्त झोंबतो.

वास्तविक एवढ्याशा चिरेपायी शरीरातल्या चारही प्रकारच्या ऊती, म्हणजे एकाच कामाच्या पेशींचे गट, कामाला लागतात. पाकिटाच्या कडेवरून बोट फिरलं की आधी फाटते अभिस्तर ऊती, म्हणजे बाह्यत्वचा. चेता ऊती लगेच बोंब ठोकते. स्नायू ऊती हात असा खेचते की कोपर शेजारच्याच्या बरगडीत. आणि चीर जरा खोल असेल तर, सगळं आटोपल्यावर पंचनाम्याला आल्यासारखा, रक्ताचा एक थेंब सावकाश हजर होतो. रक्त म्हणजे संयोजी ऊती. शाळेतलं हे पाठांतर असं कामी येतं.

माझा खरा राग बाह्यत्वचेवर. तिच्या तळाशी नवी पेशी जन्मते, केराटिन नावाच्या चिवट प्रथिनानं भरत भरत वर सरकते आणि साधारण महिन्याभरात पृष्ठभागाशी पोचते, ती मरूनच. म्हणजे जगाशी आपला संबंध येतो तो मेलेल्या पेशींच्या थरातून! जाडीतही न्याय नाही. पापणीवर जेमतेम ०.०५ मिलिमीटर, तळपायावर दीड मिलिमीटरपर्यंत. आता टाचेनं पाकिटं कोण उघडतं? त्यातून बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे वरवरची चीर असली तर रक्ताचा पुरावाही मिळत नाही. चेतातंतूंची टोकं मात्र थेट तिच्यात घुसलेली, आणि बोटांच्या टोकांशी तर त्यांची दाटी. दुखायची सोय चोख, दाखवायची नाही.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०२४ मध्ये शोधून काढलं की सुमारे ६५ मायक्रोमीटर जाडीचा कागद सर्वांत घातक. त्याहून पातळ असला तर वाकतो, जाड असला तर दाब पसरतो आणि कापत नाही. मी हे मोठ्या अभिमानानं घरी ऐकवलं. माझ्या दुःखाला शास्त्रानं मान्यता दिली होती ना! ‘मग आता पत्रं मोजून उघड,’ एवढंच उत्तर आलं.

पट्टी लावली तर मोबाइल बोट ओळखत नाही. काढली तर साबण बरोबर ओळखतो.