राडा करू द्या, पण वाटीभर

दीड ते तीन वर्षांच्या पोरांच्या आया-बाबांसाठी ही पोस्ट आहे. लांब आहे, पण सामान, प्रमाण आणि कुठं बिघडतं ते सगळं एका जागी सापडावं म्हणून लांब आहे.

पीठ, माती, पाणी हातानं चिवडायच्या खेळाला 'मेसी प्ले' किंवा 'सेन्सरी प्ले' असं नाव लावून हल्ली महागडे किट विकले जातात. रंगीत तांदूळ, फुगणारे मणी, डबाभर किनेटिक सँड (दाबली की गोळा होणारी वाळू), वर प्लॅस्टिकचे बारके प्राणी. माझं मत स्पष्ट आहे: सांगली-साताऱ्याच्या कुठल्याही घरात यातलं काही विकत आणायची गरज नाही. परात आहे, पीठ आहे, हळद आहे, माती आहे. आणि ज्या घरात हा खेळ एकदा करून 'परत नको बाबा' म्हणतात, तिथं बहुतेक वेळा बिघडलेलं असतं ते प्रमाण. पोराच्या पुढ्यात किलोभर पीठ ओतलं तर ते उधळणारच. वाटीभर दिलं तर ते दाबेल, चिवडेल, सांडेल, परत गोळा करेल. एका वेळी एकच पदार्थ, तोही वाटीभर. संपलं की आणखी अर्धी वाटी.

जागा आधी ठरवा. खाली प्लॅस्टिकचं मेणकापड अंथरायचा सल्ला सगळे देतात, पण फरशीवरचं मेणकापड ओलं झालं की पोरगं सटकन घसरतं. त्यापेक्षा जुनी सुती चादर चौपदरी घालावी, पाणी शोषून घेते आणि खेळ झाल्यावर चारी टोकं धरून बाहेर झटकता येते. तिच्यावर मोठी परात. काठ असलेलंच भांडं पाहिजे, ताट चालत नाही. वेळ आंघोळीच्या आधीची आणि पोट भरलेलं असताना. भुकेलं लेकरू हातात येईल ते तोंडात घालतं, मग तुमचा अख्खा वेळ 'थूक, थूक' म्हणण्यात जातो. अंगात उन्हाळ्यात नुसती चड्डी, थंडीत जुना बिनबाह्यांचा टीशर्ट. लांब बाह्या सगळ्यात आधी भिजतात आणि मग पोरगं किरकिरतं.

आता पीठ. घराघरात कणकेचा गोळा हातात देतात, ते ठीकच आहे, पण कणीक लवचिक असते. पोरगं दाबून चपटं करतं आणि ते परत आक्रसतं. दोन वर्षांच्या बोटांना ते आवरत नाही, म्हणून दोन मिनिटांत गोळा फेकला जातो. ज्वारीचं पीठ उलटं वागतं. त्याला ताण नसतो, लांबवलं की तुटतं. साप करायला निरुपयोगी, थापायला मात्र एक नंबर. कढत पाण्यात मळून, पूर्ण कोमट झाल्यावर लिंबाएवढा गोळा द्यायचा, खाली पालथी ताटली आणि चिमूटभर कोरडं पीठ. घरात भाकरी बडवताना रोज बघितलेलं असतं, त्यामुळं शिकवावं लागत नाही. कडा चिरणारच, चिरू द्या.

सगळ्यात चांगली मात्र तांदळाची उकड. दिलेला आकार धरून ठेवते, हाताला कमी चिकटते आणि शिजवलेली असल्यानं थोडी तोंडात गेली तरी जीव टांगणीला लागत नाही. कच्च्या पिठाचं तसं नाही, त्यात जंतू असू शकतात, म्हणून ज्यांची पोरं अजून सगळं चाटून बघतात त्यांनी उकडच करावी. एका पोराला अर्धी वाटी पिठी पुरते. अर्धी वाटी पाणी, अर्धा चमचा तेल, पाण्याला उकळी आली की पिठी घालून उलथन्याच्या दांड्यानं हलवायचं, झाकण ठेवून बारीक गॅसवर दोन मिनिटं, मग बंद करून दहा मिनिटं तसंच झाकून ठेवायचं. कोमट असतानाच ओल्या हातानं मळायची. इथं हमखास चूक होते: गार झाल्यावर मळायला घेतात, मग गुठळ्या राहतात आणि गोळ्याला भेगा पडतात. भेगा पडल्या तर वरून पाणी ओतू नका, फक्त हात ओला करून मळत राहा. इंद्रायणीसारख्या चिकट तांदळाची पिठी असेल तर उकड जास्त मऊ होते, जुन्या कोरड्या पिठीला दोन चमचे पाणी जादा लागतं.

रंग शिजवताना घालायचा नाही. बीटाचा रंग उष्णतेनं मळकट होतो. मळताना एक चमचा बीटाचा रस आणि लिंबाचे दोन थेंब घातले की गुलाबी टिकतो. हिरव्यासाठी पालकाचा रस, पिवळ्यासाठी चिमूटभर हळद. ओल्या फडक्याखाली ही उकड दुपारपर्यंत चालते. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबते, ती दुसऱ्या दिवशी द्यायची नाही.

मिठाच्या पिठाचं काय? दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक वाटीला थोडं कमी पाणी, हे प्रमाण सगळीकडं फिरतं आणि ते टिकतंही बरेच दिवस. पण एवढं मीठ बारक्या पोराच्या पोटात गेलं तर ते खरोखर धोक्याचं आहे. तोंडात घालायची सवय पूर्ण सुटेपर्यंत हे पीठ घरात नको. आणि ते गाईच्या घमेल्यात किंवा कुत्र्यापुढंही टाकू नका.

'अन्नाशी खेळतात का' असं आज्जी म्हणणार. तिचं चुकत नाही. जत, आटपाडी, माण, खटावकडं ज्यांनी दुष्काळ बघितलाय त्यांना परातीत चिवडलेलं पीठ बघवत नाही, आणि ते आपण हसण्यावारी नेऊ नये. रंगवलेल्या तांदळाचे डबे मलाही पटत नाहीत. अर्ध्या वाटीची उकड खेळून झाल्यावर कोंबड्यांना किंवा गाईला जाते, वाया जात नाही. एवढं आज्जीला दाखवलं की बऱ्याचदा तीच पुढं सरसावून मोदकाची पारी करून दाखवते.

कॉर्नफ्लॉवरचा खेळ तीन वर्षांच्या आसपासच्यांना. दुकानात 'मक्याचं पीठ' मागू नका, पिवळं पीठ मिळेल आणि खेळ होणार नाही. पांढरं, हाताला कुरकुरणारं कॉर्नफ्लॉवरच पाहिजे. अर्धी वाटी कॉर्नफ्लॉवरला पाव वाटी पाणी, म्हणजे दोनास एक, आणि पाणी चमच्या-चमच्यानं. बरोबर जमलं तर मूठ आवळली की घट्ट, सैल सोडली की बोटांतून ओघळतं. बोटानं जोरात टोचलं तर आत जात नाही, हळूच टेकवलं तर बुडतं. पातळ झालं तर आणखी एक चमचा पीठ. थोडा वेळ ठेवलं की ते तळाशी बसून दगडासारखं होतं, बिघडलं असं समजून फेकू नका, तळापासून हलवलं की पूर्ववत. कोरडं पीठ पोराच्या हाती देऊन कालवायला लावू नका, उडालेली भुकटी नाकात जाते. आणि खेळ झाल्यावर हे मोरीत ओतायचं नाही! पाइपात बसून घट्ट होतं. परात उन्हात ठेवा, वाळून पोपडे सुटतात, ते कचऱ्यात.

त्याच कॉर्नफ्लॉवरचा रंगही होतो. पोहे खायच्या चमच्यानं दोन चमचे कॉर्नफ्लॉवर एक वाटी गार पाण्यात आधी नीट कालवायचे, मग मंद गॅसवर सतत ढवळत अर्धपारदर्शक होईपर्यंत शिजवायचे. गरम पाण्यात पीठ टाकलं तर गुठळ्या. पूर्ण गार करून बीट, हळद घाला. कागदाचा आग्रह नको, बाथरूमची टाइल उत्तम. हातानं फासू द्या, मग तांब्याभर पाण्यात भिंत साफ. मात्र खाली ओला टॉवेल घालून पोराला बसवा, उभं राहून हा खेळ नाही.

हळदीवर जरा थांबतो, कारण आपण सांगलीचे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, राजापुरी हळदीचे सौदे इथल्या मार्केट यार्डात होतात, आणि तरी आपल्याच घरात हळद म्हणजे फक्त फोडणी. एक चमचा हळद दोन मोठे चमचे पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर फासा आणि वाळवा. वाळल्यावर पोराच्या हातात कापसाचा बोळा आणि वाटीत अंगाच्या साबणाचं पाणी. बोळा फिरेल तिथं पिवळ्यावर लालसर तपकिरी रेघ उमटते. लिंबाचं पाणी लावलं की परत पिवळी. हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं रंगद्रव्य अल्कलीत, म्हणजे साबण-चुन्यासारख्या पदार्थात, लाल होतं म्हणून हे घडतं, कुंकू करण्याची जुनी रीतही यावरच चालते. पण चुना अजिबात वापरायचा नाही, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. सुटी, फार भडक पिवळी हळदही नको, भेसळीची शंका असते. घरी दळलेली घ्या. अंगावरच्या झबल्याला डाग पडला आणि साबण लावताच तो लाल झाला तर घाबरू नका, तोच प्रकार आहे. धुऊन कडक उन्हात वाळत घाला. कर्क्युमिन उन्हात विरतं, दोन-तीन उन्हं लागली की डाग फिका पडतो. पावसाळ्यात मात्र हा खेळ टाळलेला बरा.

पावसाळ्यात मातीच. आषाढात बेंदराला, म्हणजे आपल्याकडच्या बैलांच्या सणाला, कुंभाराकडं मातीचे बैल घ्यायला जाताच, तेव्हा त्याच्याकडूनच किलोभर मळलेली माती मागून घ्या. खडे नसतात, काचा नसतात, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली की पुष्कळ दिवस मऊ राहते. रानातली काळी माती आणायची तर फवारणीच्या जागेची नको. द्राक्षबागेतली, तणनाशक मारलेल्या उसातली माती पोराच्या हातात द्यायची गोष्ट नव्हे. मांजरं-कुत्री घाण करतात तिथलीही नको. चांगल्या जागेची माती दोन दिवस उन्हात वाळवा, फोडा, जुन्या चाळणीनं चाळा. एक वाटी मातीला पाव वाटी पाणी घालून अर्धा तास झाकून ठेवा. काळी माती पाणी हळूहळू पिते आणि फुगते, घाईनं जादा पाणी घातलं की नुसता चिकटा होतो. तसा झालाच तर मूठभर चाळलेली वाळू घाला. वाळताना हीच माती आक्रसते, म्हणून बैलाचे पाय आणि शिंगं गळून पडतात. सावलीत वाळवलं तर कमी. हात आधी बादलीत धुवायचे, ते पाणी झाडाला, मगच मोरी.

मातीत खेळणाऱ्याची नखं कापलेली असावीत, लसी वेळेवर झालेल्या असाव्यात. अंगणवाडीत फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंताची गोळी देतात, एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, त्यापुढं पूर्ण, बारक्यांना चुरून. ती चुकवू नका.

पाण्याचा खेळ सगळ्यांना सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त लक्ष त्यालाच लागतं. दोन तांबे पाणी परातीत, एक ओगराळं, एक गाळणी, एक वाटी. एवढ्यावर बराच वेळ जातो. बादली, टब नको. चार बोटं पाण्यातही बारकं पोर तोंडावर पडलं तर उठू शकत नाही, आणि ते ओरडतही नाही. फोन वाजला तर पोराला उचलून जा. संपल्यावर परात लगेच कुंडीत रिकामी करा. फेस हवा असेल तर डोळे न झोंबणारा बेबी शाम्पू एक चमचा, पाणी दोन मोठे चमचे, आणि ताकाच्या रवीनं घुसळा. एक चमचा कॉर्नफ्लॉवर घातलं की फेस जास्त टिकतो. रिठा नको, डोळ्यात गेला की पोर तासभर रडतं. दाढीचा फेस तर इंटरनेटवरच राहू दे.

आणखी काय नको, ते पटकन. फुगणारे पाण्याचे मणी कधीच नको, गिळले तर आतड्यात फुगून अडकतात. त्याऐवजी शिजवून गार केलेला साबुदाणा द्या. चणे, शेंगदाणे, राजमा, वाटाणे नको. नाकात घातलेला चणा ओलाव्यानं फुगतो आणि मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडंच काढावा लागतो. रांगोळी, गुलाल, टाल्कम पावडर नको. भाताचं तूस नको.

आता मोठ्यांची खोड. पोरगं मातीत बोट घालून बसलेलं असतं आणि बाजूनं सुरू होतं, 'बैल कर बघू', 'हा कुठला रंग?', 'असं नाही, असं'. खेळाचा तास केला की पोरगं उठून जातं. शेजारी बसा, स्वतःचा वेगळा छोटा गोळा घ्या, गप्प राहून तो थापा. फोटो एक काढा, दहा नको. दहा मिनिटांत उठलं तरी खेळ झाला असं धरा. आवरणं हाही त्याचाच भाग, ओला स्पंज हातात द्या, परात पुसायला त्याला तितकीच मजा येते.

काही पोरं हात लावायलाच तयार नसतात. बोटाला थोडं लागलं की हात पुढं करून 'पूस' म्हणतात. त्यांचा हात धरून चिखलात घालू नका, त्यानं भीती पक्की होते. आधी चमचा द्या, मग ब्रश, मग झिप लावलेल्या जाड पिशवीत दोन चमचे रंग घालून, वरून चिकटपट्टी मारून, बाहेरूनच दाबू द्या. शेजारी ओलं फडकं ठेवा, मनाला येईल तेव्हा पुसता येतं हे दिसलं की बरीच पोरं आपणहून बोट घालतात. काहींना दोन आठवडे लागतात, काहींना दोन महिने. पण हाताला न लावण्याबरोबरच भात, केळं, खिचडी असलं मऊ-चिकट खाणंही पोरगं नाकारत असेल, कपड्याची शिवण टोचते म्हणून रडत असेल, तर पुढच्या लसीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांना हे सगळं एकत्र सांगा.