‘सिस्टर, तुमचं कॉर्टिसॉल वाढलंय’: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

नर्सिंगच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरून फिरून येतो. शब्द थोडे बदलतात, सांगाडा तोच. नर्सेसचा थकवा, चिडचिड, पोटाभोवतीची चरबी, बिघडलेली पाळी हे सगळं कॉर्टिसॉल नावाच्या ‘स्ट्रेस हार्मोन’मुळे होतं. सकाळी एकदा रक्त तपासलं की निदान पक्कं. वर्षानुवर्षांच्या ताणाने अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकून जातात. बायकांचे हार्मोनच असे की त्यांना ताण जास्त लागतो. नाईटची मात्र शरीराला सवय होते. शेवटी अश्वगंधा, दीर्घश्वसन आणि तपासण्यांचं एक ‘सवलतीतलं’ पॅकेज.

यात अर्धसत्यं बरीच आहेत, म्हणून शिकल्यासवरल्या सिस्टरही तो पुढे ढकलतात. माझा मुख्य आक्षेप आधीच सांगते. वॉर्डातल्या गैरसोयीचं खापर हा मेसेज सिस्टरच्या रक्तावर फोडतो, आणि उपचारही तिच्याच पगारातून करायला लावतो.

आधी त्या रक्ततपासणीचं बघू, कारण पैसे तिथे जातात. कॉर्टिसॉल हे काही ताणाचं विष नव्हे. ते पुरेसं बनलं नाही तर रक्तदाब कोसळतो, साखर घसरते, जिवावर बेतू शकतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरीला इशारा देतो, ही मेंदूखालची ग्रंथी एसीटीएच नावाचा हार्मोन सोडते आणि त्या हुकमावर मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करतात. ताण असो वा नसो, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते चढतं, दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं.

आता नाईटची सिस्टर घ्या. ती काल दुपारी चारला उठली, रात्रभर वॉर्ड सांभाळला, सकाळी ओव्हर दिला, म्हणजे पुढच्या पाळीच्या हाती वॉर्ड सोपवला, आणि आठ वाजता लॅबमध्ये हात पुढे केला. रिपोर्टवर छापलेली ‘सकाळी 8 ची नॉर्मल रेंज’ रात्री झोपून सकाळी उठलेल्या माणसांवरून ठरलेली आहे. हिचं शरीराचं घड्याळ नेमकं कुठे आहे, हे त्या आकड्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. त्यात सुई टोचण्याच्या धास्तीनेही पातळी वर जाते. ती गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं आणि रक्तातला एकूण आकडा फुगलेला दिसतो. उलट बरेच दिवस स्टेरॉइड असलेलं क्रीम लावलं असेल, तर आकडा कमी येऊ शकतो. (गोरं होण्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबा आठवा. वॉर्डात दुसऱ्याला औषधं समजावणाऱ्या आपणही त्या वापरतो.) कुशिंगच्या आजारात, म्हणजे कॉर्टिसॉल खरोखरच बेसुमार वाढतं तेव्हा, डॉक्टर अशी एक सकाळची तपासणी करून थांबत नाहीत. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन पातळी दबते का ते बघतात, 24 तासांची लघवी तपासतात किंवा रात्री उशिराची लाळ घेतात. यातली लाळेची तपासणी शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना कदाचित लागू पडणार नाही, असा इशारा हार्मोनच्या डॉक्टरांच्या एंडोक्राइन सोसायटी या संघटनेने 2008 च्या मार्गदर्शिकेतच दिला आहे. आणि हा मेसेज शिफ्टवाल्यांनाच पॅकेज विकतोय!

शिवाय, कामाने पार पिचून गेलेल्या माणसांत कॉर्टिसॉल ठरावीक पद्धतीने वाढलेलं सापडतं, असंही नाही. कुठे जास्त, कुठे कमी, कुठे काहीच फरक नाही, असेच निष्कर्ष आलेले आहेत. बर्नआउट, म्हणजे हे पिचून जाणं, रक्तात दाखवणारी खात्रीची खूण अजून हाती लागलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून केली नाही, कामाच्या ठिकाणी उद्भवणारी स्थिती म्हणून केली. कारण म्हणून तिथे काय लिहिलंय? कामावरचा दीर्घकाळचा, नीट न हाताळलेला ताण.

‘अ‍ॅड्रिनल थकतात’ हा मुद्दा पटकन संपतो. ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ हा शब्दप्रयोग 1998 साली अमेरिकेतल्या जेम्स विल्सन या कायरोप्रॅक्टरने (मणका-सांधे हाताने दाबून उपचार करणाऱ्याने) रूढ केला. 2016 साली ब्राझीलच्या दोन संशोधकांनी 58 अभ्यास तपासले आणि असा काही आजार असल्याचा पुरावा नाही, असं शीर्षकातच लिहून टाकलं. अ‍ॅड्रिनल खरंच निकामी होतात तो अ‍ॅडिसनचा आजार. तो दुर्मिळ आहे, गंभीर आहे आणि पावडरीने बरा होत नाही.

बायकांच्या हार्मोनचा मुद्दा मात्र मला चिडवतो, कारण तो पुरुष डॉक्टरांच्या थट्टेत आणि इन्चार्ज सिस्टरच्या बोलण्यात सारखाच ऐकू येतो. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठाने 1993 मध्ये ताण मोजण्याची एक पद्धत मांडली. अनोळखी परीक्षकांसमोर भाषण करायचं आणि मग तोंडी वजाबाक्या करायच्या. तेव्हापासून ही चाचणी असंख्य लोकांवर झाली. तिच्यात सरासरीने पुरुषांचं कॉर्टिसॉल बायकांपेक्षा जास्त चढतं. पाळी यायच्या आधीच्या पंधरवड्यात बायकांच्या लाळेतली पातळी पुरुषांच्या जवळपास जाते, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये प्रतिसाद मंद असतो. म्हणजे हार्मोनचा संबंध आहे, पण मेसेजवाला सांगतो त्या दिशेने नाही. यावरून ‘ब्रदर लोकांना (पुरुष नर्सेसना) आयसीयू झेपत नाही’ असा फॉरवर्ड निघालेला अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.

पाळी बिघडते, हे खरं आहे. अमेरिकेतल्या नर्सेसच्या आरोग्याचा जो मोठा अभ्यास चालतो, त्याच्या दुसऱ्या गटातल्या 71,077 जणींची माहिती 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांच्या काळात 20 किंवा जास्त महिने फिरत्या शिफ्ट केलेल्यांमध्ये अनियमित पाळीचं प्रमाण इतरांपेक्षा 23 टक्क्यांनी जास्त होतं. फक्त साखळी कुठून सुरू होते ते बघा. पाळी बिघडली म्हणून शिफ्ट जड जात नाही. शिफ्ट फिरत राहते, म्हणून पाळी बिघडते.

‘नाईटची सवय होते’ हे वाक्य सीनियर नव्या मुलींना धीर द्यायला म्हणतात, तिथपर्यंत ठीक. शरीर मात्र ऐकत नाही. शिफ्टच्या कामाचे अभ्यासक सायमन फोकार्ड यांनी 2008 मध्ये कायम रात्रपाळी करणाऱ्यांवरचे अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा मेलाटोनिन या झोपेशी जोडलेल्या हार्मोनचं चक्र पूर्णपणे रात्रपाळीला जुळलेले लोक 3 टक्क्यांहून कमी निघाले. तेही कायम नाईटवाले. आपल्याकडे तर चार नाईट, मग ऑफ, मग मॉर्निंग. शरीराने जुळवून घ्यायचं तरी कशाशी? वॉर्डातल्या ट्यूबलाइटखाली मेलाटोनिन दबतं, सकाळी बसस्टॉपवरचं ऊन मेंदूला दिवस उगवल्याचं सांगतं आणि घरी पोचल्यावर डबे, शाळेची रिक्षा, कामवाली, सासूबाईंची शुगर. झोप लागते अकराला आणि दुपारी दोनला बेल वाजते.

याचे परिणाम फुटकळ नाहीत. त्याच अमेरिकी अभ्यासातून 2011 मध्येच दिसलं की 20 किंवा जास्त वर्षं फिरत्या रात्रपाळ्या केलेल्या नर्सेसमध्ये टाइप 2 मधुमेहाचा धोका 58 टक्के जास्त होता. वाढलेलं वजन हिशोबात घेतलं तरी 24 टक्के उरलाच. कर्करोगावर काम करणाऱ्या आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने रात्रपाळीला 2007 मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आणि 2019 मध्ये तोच निर्णय कायम ठेवला. या संशोधनातून प्रत्येकीला आजार होणारच असं ठरत नाही, घाबरून जायचं कारण नाही. पण ‘सवय होते’ म्हणून विषय मिटवायचीही सोय नाही.

अश्वगंधेबद्दल थोडक्यात. 2012 मध्ये भारतातच 64 जणांवर झालेल्या 60 दिवसांच्या चाचणीत कॉर्टिसॉल सुमारे 28 टक्क्यांनी उतरलं होतं. तेव्हा ती थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. पण एवढ्या लहान चाचणीवर आयुष्यभराचं औषध ठरत नाही. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दीर्घश्वसन जरूर करा, त्याला पैसे पडत नाहीत.

मेसेजमध्ये जे नाहीच, ते सगळ्यात महत्त्वाचं. नर्सिंगच्या संशोधक लिंडा आयकेन यांनी 2002 मध्ये अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातली 168 रुग्णालयं तपासली. प्रत्येक नर्सवर सरासरी एक पेशंट वाढला की बर्नआउटची शक्यता 23 टक्क्यांनी आणि शस्त्रक्रियेच्या पेशंटचा 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढत होती. कॅलिफोर्नियात 2004 पासून कायद्यानेच नर्समागे पेशंटचं प्रमाण बांधून दिलं आहे. आपल्या भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक, वर रजांसाठी 30 टक्के राखीव. रात्री दोनला मेडिसिनच्या वॉर्डात खाटांवरचे आणि खाटांखालचे पेशंट मोजून हा भागाकार ज्याने त्याने करावा. 2022 च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिकांनी कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला, तो याच भागाकाराशी जोडलेला होता.

तपासणी करायचीच असेल तर आधी हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-12 करा. थकलेल्या बाईत बऱ्याचदा इथेच काहीतरी सापडतं. पोटावर रुंद जांभळे पट्टे, सहज उमटणारे काळेनिळे डाग, जिना चढताना मांड्यांतली ताकद जाणं, अशी लक्षणं एकत्र दिसली तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, गाठा. पॅकेज नको.

आणि मेट्रन मॅडमकडे जायचंच झालं तर ड्युटी चार्ट घेऊन जा. ईव्हनिंगनंतर लगेच दुसऱ्या दिवशी मॉर्निंग लावू नका, एवढी एक मागणी पुरे. युरोपात दोन पाळ्यांमध्ये सलग 11 तासांची विश्रांती नियमानेच द्यावी लागते. आपल्याकडे रात्री नऊला सुटलेली सिस्टर ओव्हर देऊन बदलापूरला साडेअकराला पोचते आणि सातच्या ड्युटीसाठी पहाटे साडेचारची लोकल पकडते.