येऊ दे, येऊ दे... बस्स!

आमचे अप्पा एसटीत कंडक्टर होते, पनवेल डेपोत. स्टँडवर गाडी मागे घ्यायची वेळ आली की खाली उतरायचे, मागच्या पत्र्यावर थाप मारत ‘येऊ दे, येऊ दे’ करायचे आणि वीतभर जागा उरली की ‘बस्स!’ ड्रायव्हरला मागचं दिसत नाही यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

२७ मार्च २०२४ ला कोलकात्याच्या विमानतळावर टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरूनच चालत निघालेल्या इंडिगोच्या विमानाचा पंख एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाला घासला. ते बिचारं धावपट्टीवर जायची परवानगी मिळायची वाट बघत उभं होतं. त्याच्या पंखाचं टोक तुटलं, माणसं सुखरूप राहिली. डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, इंडिगोच्या दोन्ही वैमानिकांना लगेच ऑफ-रोस्टर केलं, म्हणजे ड्युटीवरून बाजूला ठेवलं, आणि आमच्या घरच्या ग्रुपवरची चर्चा तिथेच आटोपली. भावाने वर शेरा मारला, ‘झोपले होते का दोघं? तुमच्याकडे असलं चालत नसेल.’

मी अटलांटाजवळ राहते. सहा महिने पुरे व्हायच्या आत ‘आमच्याकडे’ही चाललं. १० सप्टेंबरला टोकियोला निघालेलं डेल्टाचं मोठं ए३५० विमान टॅक्सीवेवरून, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावरून, जात असताना त्याच्या पंखाने छोट्या सीआरजे-९०० विमानाची शेपटी मोडून आडवी केली. दोन्हींत मिळून २७७ प्रवासी होते, सगळे बचावले. पुढच्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटलला जपान एअरलाइन्सच्या विमानाचा पंख डेल्टाच्या विमानाच्या शेपटीत रुतला. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावर दोन सीआरजे एकमेकांवर गेली. फोटो ग्रुपवर टाकले, तर भावाने नुसता अंगठा दाखवला.

इथलं एक मला आवडतं. अटलांटाच्या अपघाताचा प्राथमिक अहवाल महिन्याभराने एनटीएसबीच्या, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावर आला. कोणतं विमान कुठे होतं, ते सगळं माझ्यासारख्या, विमानातलं काही न कळणाऱ्या बाईलाही वाचता आलं. चौकशी होईपर्यंत वैमानिकाला बाजूला ठेवू नये, असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडे त्याला बाजूला ठेवल्याची बातमीच निकाल ठरते. मग टॅक्सीवे किती रुंद, रांग कुठवर आली होती, हे कोणी विचारतच नाही.

तरी अमेरिकेचे गोडवे गायला मी बसलेली नाही. याच एनटीएसबीने २०१२ सालीच सांगितलं होतं, की मोठ्या विमानांच्या कॉकपिटमधून पंखांची टोकं सहज दिसत नाहीत; खिडकी उघडून डोकं बाहेर काढावं लागतं. तेव्हा कॅमेऱ्यासारखं काहीतरी सक्तीचं करा. बारा वर्षांनी अटलांटाला शेपटी मोडली, तोवर ती सक्ती झालेली नव्हती. माझ्या साध्या टोयोटालाही मागे कॅमेरा आहे!

पैसा आणि जागा असली की काय करता येतं, तेही इथे रोज दिसतं. अटलांटाला पाच समांतर धावपट्ट्या आहेत. उतरलेल्या विमानांनी दुसरी धावपट्टी ओलांडू नये म्हणून २००७ मध्ये तिच्या टोकाला वळसा घालणारा, खोलगट टॅक्सीवे केला. त्याचं नाव ‘व्हिक्टर’. खिडकीशी बसलं की डोक्यावरून दुसरं विमान उडताना दिसतं. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. चारी बाजूंनी वस्ती. तिथले वैमानिक आणि टॉवरमधून विमानांना वाट दाखवणारे एटीसीवाले रोज जे निभावतात, त्याचं मला कौतुकच वाटतं.

नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं. आमच्या पनवेल-उरणकडे बोलणं फिरून विमानतळाला इथल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव देण्यावर येतं, आणि यावंच. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींवरून त्यांनी केलेल्या १९८४ च्या आंदोलनात पाच माणसं गेली, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन परत पदरात पडली. पण नावासाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांनी दुसरी धावपट्टी कधी होणार, हेही त्याच आवाजात विचारावं. जमीन आपलीच गेली आहे.

हे सगळं मी अप्पांना फोनवर सांगितलं. म्हटलं, वैमानिक पिवळ्या रेघेवरून चालतो. पण रेघ सोडली नाही म्हणून पंख लागणार नाही, असं नाही. पुढचं विमानही नेमक्या जागी उभं असावं लागतं.

“आणि त्याचं बूड मागे राहिलं असेल तर? ते कोणी बघायचं?”

“वैमानिकानेच, अप्पा.”

“त्याला दिसतंय का पण?”

“मोठ्या विमानात नाही दिसत.”

“मग खाली कोणीच उतरत नाही?”