बसल्या जागी स्थलांतर

गोव्यात नगरपालिकेची हद्द कुठे संपते हे कळायला नकाशा लागत नाही. रस्त्यावरचं हॉटमिक्स डांबर जिथे आडव्या सरळ रेषेत थांबतं आणि त्याच रेषेवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या, शहाळ्यांची कवचं आणि कुणाची तरी जुनी गादी पडलेली असते, तिथे शहर संपलं आणि पंचायत सुरू झाली असं खुशाल समजावं. शहरातला माणूस कचरा आपल्या हद्दीत टाकत नाही, कारण तो सुसंस्कृत असतो. तो स्कूटरवरून येतो आणि पलीकडे टाकतो. पंचायतीतला माणूसही तेच करतो, फक्त उलट्या दिशेने. त्यामुळे हद्दीचे दगड कितीही गाडले गेले तरी आमच्याकडे हद्द हरवत नाही.

आमचं घर अशाच एका रेषेवर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण दोन्हीकडच्या कचेऱ्यांत माझी कामं अजून अडकलेली आहेत. एवढंच सांगतो की गोव्यात 13 नगरपालिका, पणजीची एक महानगरपालिका आणि 191 पंचायती आहेत. त्या 13 मधल्या एकीचं शहर साकवाच्या अलीकडे, आणि आमची वाडी साकवाच्या पलीकडे, म्हणजे 191 मधल्या एकीत.

ही व्यवस्था उत्तम होती. लग्नपत्रिकेवर शहराचं नाव घालायचं आणि घरपट्टी पंचायतीची भरायची. वीज सरकारी खात्याची आणि नळाचं पाणीही सरकारी खात्याचं. त्या दोघांना हद्द कळत नाही, दोन्ही बाजूंना ती सारख्याच निःपक्षपातीपणे जातात. कुणी विचारलं की कुठे राहता, तर मुंबईच्या पाहुण्याला शहराचं नाव सांगायचं आणि पंचायतीच्या सचिवाला वाडीचं. गोव्यात अशी दोन नावं वापरणारे आम्ही काही एकटे नाही. राज्याची राजधानी पणजी, पण विधानसभा भरते मांडवीच्या पलीकडे पर्वरीला, आणि 2021 पासून उच्च न्यायालयाची नवी इमारतही तिथेच. पर्वरीला नगरपालिका नाही. म्हणजे राज्याचे कायदे पंचायत हद्दीत होतात आणि त्यांचा निवाडाही पंचायत हद्दीत होतो, तरी पत्रावर पणजीच लिहितात असे लोक मी पाहिले आहेत.

मग बायपास झाला. बायपासवर, आमच्या वाडीच्या तोंडाशी, एक फर्निचरचं शोरूम आलं, एक हार्डवेअरचं दुकान आलं, दोन बार आणि एक लग्नाचा हॉल आला. प्रत्येकाला व्यापार परवाना लागतो, प्रत्येकाच्या बोर्डाचा कर असतो, आणि हे सगळं पंचायतीच्या तिजोरीत जात होतं. नगरपालिकेने साकवाच्या कठड्यावरून पलीकडे पाहिलं आणि तिला एकदम जाणवलं की आमची वाडी ऐतिहासिकदृष्ट्या शहराचाच भाग आहे.

प्रस्ताव असा होता की बायपासची बाजू आणि आमची वाडी शहरात घ्यायची, आणि बदल्यात शहराचा एक तुकडा पंचायतीला द्यायचा. तो तुकडा म्हणजे व्हाळ, म्हणजे ओढा, व्हाळाच्या काठची पडीक शेड आणि शेडमध्ये कित्येक वर्षं 'तात्पुरता' साठवलेला कचरा. पंचायतीचं म्हणणं पडलं की अदलाबदल तत्त्वतः मान्य आहे, फक्त तुकडे उलटे असावेत. तुम्ही व्हाळ ठेवा, आम्ही दुकानं ठेवतो. म्हणजे आत्ता आहे तेच.

विषय ग्रामसभेत आला. रविवारी सकाळी दहाची ग्रामसभा अकराला भरली आणि पहिल्यांदाच खुर्च्या कमी पडल्या. एकाने सांगितलं की पालिकेत गेलो की घरपट्टी दुप्पट. दुसऱ्याने सांगितलं की घरपट्टीचं सोडा, एफएआर, म्हणजे जमिनीवर किती बांधता येतं ते, वाढेल, बिल्डर येतील आणि आपल्या विहिरीत टॉवरच्या सावल्या पडतील. 2018 साली पणजीच्या शेजारची गावं पीडीएत, म्हणजे नियोजन आणि विकास प्राधिकरणात, घालायला निघाले तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि गावं वगळावी लागली, याची आठवण कुणीतरी करून दिली. ती कुणीतरी करून देतोच, नाहीतर ग्रामसभा पूर्ण झाली असं धरत नाहीत. मग आमच्या वाडीतले सगळ्यांत वयस्कर आजोबा उठले. ते म्हणाले, "1967 च्या जनमत कौलाला मी फुलावर शिक्का मारला होता. महाराष्ट्रात विलीन व्हावं म्हणून. 34 हजारांनी पडलो. विलीनीकरणाला होय म्हणून बघितलं, आता नको म्हणून बघतो." यावर सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. विरोधाचा ठराव एकमताने झाला. घरी परतताना निदान तिघांनी मला बाजूला घेऊन, वेगवेगळं, एकच विचारलं: समजा पालिकेत गेलो, तर चौरस मीटरला भाव काय येईल?

पण ठराव हा ठराव आणि मसुदा अधिसूचना ही अधिसूचना. ती राजपत्रात आली आणि लोकांकडून हरकती मागवल्या गेल्या. शहर कशाला म्हणायचं हे ठरवताना लोकसंख्या, दाटी, महसूल आणि शेतीबाहेरच्या कामांत किती लोक आहेत ते पाहावं, असं घटनेच्या 243 क्यू कलमात आहे. आमच्या वाडीत शेती कुणी करत नाही हे खरंच आहे. मी हरकतीत परसातल्या भेंडीचा आणि आईच्या अळवाचा उल्लेख केला, पण पाहणीला आलेल्या माणसाने अळू बघून फक्त मान डोलावली आणि वहीत काही लिहिलं नाही.

पाहणी म्हणजे मोजणी. टेप, खांब आणि छत्री घेऊन माणसं आली. जुनी हद्द व्हाळाच्या मध्यावरून होती, आणि व्हाळाने मधल्या काळात दोन-तीनदा पात्र बदललं होतं, कुणालाही न विचारता. नवी हद्द कागदावर सरळ होती. ती आमच्या परसातून आत आली, न्हाणीला स्पर्श करून स्वयंपाकघर शहरात घेऊन गेली, आणि माजघर, देवघर, बाल्कांव म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, आणि अंगणातली तुळस पंचायतीकडे ठेवून पुढच्या दाराने बाहेर पडली.

"म्हणजे चहा मी शहरात करणार आणि तुम्ही तो गावात बसून पिणार," बायको म्हणाली. "नवीन काही नाही."

आईची काळजी वेगळी होती. देवघर कुठल्या बाजूला गेलं ते तिने आधी विचारून घेतलं. पंचायतीकडे, म्हटल्यावर तिला बरं वाटलं. आमचा कुलदेव मंगेश, आणि हद्दीच्या बाबतीत त्याचा अनुभव आमच्यापेक्षा दांडगा आहे. 16व्या शतकात साष्टीतली देवळं पाडायला सुरुवात झाली तेव्हा लोकांनी 1560 मध्ये त्याला कुशस्थळीहून उचलून झुवारी ओलांडून फोंड्यातल्या प्रियोळला आणलं, कारण तिथे पोर्तुगीजांची हद्द संपत होती. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. देवांनी हद्द ओलांडली आणि दोनशे वर्षं निवांत राहिले. मग 1763 मध्ये पोर्तुगीजांनी सोंधेकर राजाचं फोंडा घेतलं, आणि ज्या हद्दीपासून देव पळाले होते ती त्यांच्या मागोमाग चालत आली. आणखी अडीचशे वर्षांनी, 2015 साली, फोंडा तालुका उत्तर गोवा जिल्ह्यातून काढून दक्षिण गोव्यात टाकला. मंगेश गाभाऱ्यातून न उठता जिल्हा बदलून बसला. त्याला कुणी हरकती विचारल्या नाहीत, आणि त्याने घातल्याही नाहीत. आई म्हणते, आपणही तसंच करावं. पण मंगेशाला कचरा ओला आणि सुका वेगळा करावा लागत नाही.

इथे खरा जाच सुरू झाला. अंतिम अधिसूचना निघायची होती, तरी पालिकेच्या उत्साही कर्मचाऱ्यांनी दारावर नवा घर क्रमांक ठोकून टाकला. कचरागाडीवाला मुलगा दुसऱ्या दिवसापासून येऊ लागला. त्याने मला समजावून सांगितलं, "काका, स्वयंपाकघर आमचं. ओला कचरा घेतो. पेपर आणि प्लॅस्टिक बाल्कांवातलं, ते पंचायतीचं." पंचायतीची गाडी महिन्यातून ज्या दिवशी येते त्या दिवशी तिने पालिकेच्या क्रमांकाची पट्टी बघितली आणि पुढे गेली. मी माशांची खवलं शहराला देतो आणि वर्तमानपत्रं रद्दीवाल्याला. प्लॅस्टिक साठत चाललं आहे.

आणि मग न्हाणीचं छप्पर. वाशांना वाळवी लागली होती, मंगळुरी कौलं खाली सरकली होती आणि मृग जवळ आला होता. दुरुस्तीची परवानगी काढावी म्हणून पंचायतीत गेलो. सचिवांनी कागद उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "न्हाणी पालिकेत जाते ना? आम्ही परवानगी दिली तर उद्या आमच्यावर येईल." पालिकेत गेलो. तिथल्या बाईंनी संगणकावर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "सर, अंतिम अधिसूचना नाही. तुम्ही अजून आमचे नाही." मी म्हटलं, दारावर तुमचा नंबर आहे. त्या म्हणाल्या, तो प्रस्तावित आहे. त्यांनी एक-चौदाचा, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्याचा, उतारा मागितला, कारण गावची जमीन एक-चौदावर असते. तो आणला, तर दुसऱ्या टेबलवरच्या साहेबांनी तो परत दिला, कारण पालिकेच्या हद्दीत सिटी सर्व्हेचा फॉर्म डी लागतो, पी.टी. शीट, म्हणजे त्या मोजणीचा नकाशा, आणि चलता नंबर, म्हणजे नकाशावरचा जागेचा क्रमांक, लागतो. आमच्या वाडीचा सिटी सर्व्हे अजून झालेला नव्हता. तो कधी होईल, असं विचारलं. हद्द ठरली की, म्हणाले.

मी कुडचडे-काकोड्याचा दाखला दिला. तिथे दोन गावांची मिळून एकच नगरपालिका आहे, मध्ये एक आडवी रेघ टाकून काम भागलं. आपल्याकडेही एक रेघ टाका की. साहेब म्हणाले, "रेघच तर टाकलीय. तुमच्या न्हाणीवरून."

पहिला पाऊस बादल्यांनी झेलला. त्यानंतरच्या रविवारी बायकोने सुताराला बोलावलं आणि संध्याकाळपर्यंत छप्पर बसवून घेतलं. परवानगीच्या अर्जावर मी अजून शाई वाळवत होतो.

मंगळवारी पंचायतीची नोटीस आली: आमच्या हद्दीत विनापरवाना बांधकाम. गुरुवारी नगरपालिकेची आली: आमच्या हद्दीत विनापरवाना बांधकाम. परवानगीसाठी आम्ही कुणाचेच नव्हतो, दंडासाठी दोघांचे झालो. मी पंचायतीला पालिकेच्या नोटिशीची प्रत पाठवली आणि पालिकेला पंचायतीच्या नोटिशीची. वर लिहिलं, कृपया आपसात ठरवून कळवावे.

त्यांनी ठरवायच्या आत वर्ष संपलं आणि जनगणना आली. जनगणनेसाठी 1 जानेवारी 2026 पासून 31 मार्च 2027 पर्यंत देशभरात कुठल्याही गावाची, शहराची, तालुक्याची हद्द बदलायची नाही. हद्दी गोठवल्या आहेत. अंतिम अधिसूचना न निघताच राहिली. नोटिशींच्या सुनावण्या दोन्हीकडे पुढे ढकलल्या गेल्या, हद्दीचा निर्णय झाल्यावर घेऊ असा शेरा मारून. पंचायतीच्या सचिवांनी मला फोन करून स्पष्टच सांगितलं की 2027 च्या एप्रिलपर्यंत त्या छपराकडे कुणी बघणार नाही.

मी हे जेवताना सांगितलं. बायकोने माशाची आमटी वाढता वाढता थोडा हिशेब केला.

"अहो," ती म्हणाली, "मग तेवढ्यात वरचा मजला होईल का?"