मेन राजाराम, दोन राजाराम आणि एक फॉरवर्ड

शाहू जयंती जवळ आली की तो मेसेज फिरायला लागतो. कोल्हापुरातल्या भवानी मंडपाशेजारच्या राजाराम कॉलेजच्या जुन्या काळ्या दगडी इमारतीचा, म्हणजे आताच्या ‘मेन राजाराम’ हायस्कूल-ज्युनिअर कॉलेजचा फोटो आणि खाली मजकूर: ही इमारत शाहू महाराजांनी बांधली, आपल्या मुलाचं, राजाराम महाराजांचं नाव दिलं, इथंच न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांचं कॉलेजशिक्षण झालं आणि इथंच शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. यंदा आमच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर तो तीनदा आला. मी तिथंच अकरावी-बारावी केली. टोकदार कमानींखाली भर उन्हातही गार लागणाऱ्या त्या भिंतीला पाठ टेकून डबा खाल्लाय, म्हणून गप्प बसवेना.

कॉलेज सुरू झालं १८८० साली. शाहू महाराजांचा जन्म १८७४ चा, दत्तकविधान १८८४ चं. म्हणजे कॉलेज निघालं तेव्हा ते सहा वर्षांचे होते आणि कोल्हापूरच्या गादीशी त्यांचा संबंधही आला नव्हता.

आता नाव. शाहूपुत्र राजाराम जन्मले १८९७ ला. कॉलेजचे राजाराम म्हणजे त्यांच्या आधीचे, त्याच नावाचे कोल्हापूरचे छत्रपती. युरोपच्या प्रवासाहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले, अवघ्या विशीत. आर्नो नदीकाठी त्यांना अग्नी दिला. तिथं आजही त्यांची छत्री आहे, आत अर्धपुतळा. छत्रीचा नकाशा ब्रिटिश वास्तुकार मेजर मँटचा, म्हणजे आपला नवा राजवाडा ज्याच्या नकाशावर उभा राहिला तोच. शेजारच्या पुलाला तिथले लोक ‘इंडियन’चा पूल म्हणतात. आणि आपण त्यांच्या नावाच्या कॉलेजात शिकून त्यांनाच विसरलो!

रानडे कोल्हापुरात शिकले हे खरं, पण शाळेत. मॅट्रिक झाले १८५९ ला, मुंबईतून. राजाराम कॉलेज निघालं तेव्हा ते अडतीस वर्षांचे न्यायाधीश होते. गोखल्यांचं मात्र बरोबर आहे. १८८१ ला मॅट्रिक, मग राजाराम कॉलेज, आणि बी.ए. १८८४ ला मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून. थोरला भाऊ कागलात पंधरा रुपयांवर नोकरी करायचा, त्यातले आठ धाकट्याला पाठवायचा.

विद्यापीठाचं तर सोडाच. ते १९६२ चं, सागरमाळावरचं. त्याआधी ऐंशी वर्षं कॉलेज चालूच होतं.

“म्हणजे महाराजांनी काहीच केलं नाही म्हणतोस?” ग्रुपवर एकजण लगेच चिडला. अरे बाबा, इमारत तयारच होती, पण खेड्यातलं पोरगं तिच्यात यायचं कसं? कोल्हापुरात राहायचं कुठं, जेवायचं कुठं? महाराजांनी आधी सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढून बघितलं, ते ब्राह्मण मुलांनीच भरलं. मग १९०१ ला मराठा बोर्डिंग निघालं, पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मुलांसाठीचं. १९१९ ला तर हे कॉलेजच त्यांनी चालवायला आर्य समाजाकडं दिलं. फोटो टाकायचाच तर दसरा चौकात जाऊन त्या बोर्डिंगांचा काढ म्हटलं. त्यावर त्यानं अंगठा टाकला. संध्याकाळी दुसऱ्या ग्रुपवर तोच जुना मेसेज, त्याच्याच नंबरवरून.