"सगळ्याला 'गअ' लावा" म्हणे!

ती पोस्ट आता तिसऱ्या ग्रुपवर आली. चायनीज शिकणाऱ्यांसाठी टिप आहे: मेझर वर्ड (आकडा आणि वस्तू यांच्या मध्ये लावायचा शब्द, 'गअ' हा त्यातलाच एक) पाठ करत बसू नका, दोनशे-बिनशे असतात, त्यांना लॉजिक नाही, चिनी लोक स्वतःच सगळ्याला 'गअ' लावतात आणि आपल्या भाषेत असलं काही नसल्यामुळे ते डोक्यात शिरणारच नाही. मी नवशिक्यांना शिकवते, त्यामुळे राहवलं नाही.

आधी गअ. अर्धं खरंय, बोलताना तोच सगळ्यात जास्त येतो, चिनी पोरंही लहानपणी दिसेल त्याला गअच लावतात. पण हॉटेलात 'ई गअ छा' म्हणून चहा मागून बघा, एक 'बेइ' म्हणजे कप आणू की एक 'हू' म्हणजे किटली, हे वेटरला परत विचारावंच लागणार. माझा एक विद्यार्थी 'ल्यांग मन खअ' आहेत म्हणाला, म्हणजे दोन विषय, त्याला सांगायचं होतं की आज दोन तास आहेत, ते 'ल्यांग ज्ये खअ'. आणि सरांची ओळख करून देताना आदराचा 'वेइ' सोडून गअ लावलात तर कळतं सगळं, पण आपल्याकडे "ते आले" ऐवजी "तो आला" म्हटल्यासारखं वाटतं.

लॉजिक नाही? 'जांग' म्हणजे मुळात धनुष्य ताणणं, अक्षरात डावीकडे धनुष्य बसलेलंच आहे, म्हणून ताणलेलं, सपाट पसरलेलं ते जांग: कागद, तिकीट, टेबल, पलंग. 'बा' म्हणजे मुठीत धरणं, म्हणून सुरी, छत्री, आणि खुर्चीसुद्धा (पाठीला धरून ओढतोच की). 'थ्याओ' मूळची डहाळी, म्हणून नदी, रस्ता, साप, पँट. बातमीलाही थ्याओ लागतो, तिथे मात्र मी गप्प बसते.

आपल्यात नसतं हे तर कोणी मंडईत न गेलेल्याने लिहिलंय. कोथिंबिरीची जुडी, लसणाचा गड्डा, केळ्यांचा घड, माणसं असली की पाच जण. आता पुस्तकाला आपण असं काही लावत नाही आणि चिनीत लावावंच लागतं, एवढा फरक आहे, मान्य. पण बंगाली तर पुस्तकालाही लावतात, त्यांचं 'एकटा बोई' म्हणजे बिचारं एकटं पडलेलं पुस्तक नव्हे.

आणि ज्याबद्दल ती पोस्ट अवाक्षर काढत नाही ते उच्चारातल्या सुरांचं. 'ई' म्हणजे एक, पण त्याचा सूर पुढच्या शब्दावर ठरतो, गअच्या आधी वर चढतो, जांग, थ्याओ आणि पुस्तकाला लागणारा बन यांच्या आधी खाली येतो. वर्षभर नुसतं गअ गअ केलेल्याचा ई कायम वरच चढतो आणि मग ती सवय मोडताना माझा घसा बसतो.

दोनशे कोण मागतंय? पहिल्या वर्षी मी वीसेकच घेते, तेही वेगळी यादी न देता. कार्डावर पुढे पुस्तकाचं चित्र, मागे नुसतं 'शू' नाही, 'ई बन शू'.